शब्दचर्चा : 'शोतेर' म्हणजे अधिकारी, चिटणीस की अंमलदार?

प्रश्न : जुन्या करारातल्या '१ इतिहास'च्या २३व्या अध्यायात दावीद राजा लेवी वंशाची, म्हणजे मंदिरसेवेसाठी नेमलेल्या वंशाची, मोजदाद करतो. तीस वर्षांवरचे ३८,००० पुरुष भरतात. २४,००० मंदिराच्या कामावर, ४,००० द्वारपाल, ४,००० वादक. उरलेल्या ६,००० जणांना मूळ हिब्रूत 'शोत्रीम' आणि 'शोफ्तीम' म्हटलं आहे; ही 'शोतेर' आणि 'शोफेत' यांची अनेकवचनं. शोफेत म्हणजे न्यायाधीश, त्यात अडचण नाही. 'शोतेर'ला मात्र मी मराठी भाषांतरात 'अधिकारी' लिहिलं आणि तेव्हापासून ते खटकतंय. नेमका शब्द सुचवाल का?

प्रतिसाद : 'अधिकारी' फारच पसरट होतो. या शब्दाच्या मुळाशी लेखणी आहे. अक्कादी भाषेत 'शतारु' म्हणजे लिहिणे. हिब्रू-अरामीत 'श्तार' म्हणजे दस्तऐवज. जुन्या ग्रीक भाषांतरकारांनीही बऱ्याच ठिकाणी शोतेरला 'ग्रामातेउस', म्हणजे लेखनिक, म्हटलं आहे.

पण नुसता 'लेखनिक'ही पुरत नाही. 'निर्गम'च्या ५व्या अध्यायात हे लोक मिसरात (इजिप्तात) विटांचा हिशेब देतात आणि विटा कमी पडल्या की फारोच्या माणसांचा मार खातात. तिथे 'मुकादम' अगदी चपखल बसेल. जुन्या करारातल्याच 'अनुवाद' नावाच्या ग्रंथाच्या २०व्या अध्यायात ते लढाईआधी पुकारा करतात : नवं घर बांधलेल्यानं, द्राक्षमळा लावलेल्यानं, वाङ्निश्चय झालेल्यानं परत जावं. म्हणजे यादी ज्याच्या हाती, हुकूमही त्याच्याच तोंडी.

प्रतिसाद : लेव्यांचीच नेमणूक का, हेही बघायला हवं. '१ इतिहास'च्याच २६व्या अध्यायात कनन्या आणि त्याच्या मुलांकडे इस्राएलाचं 'बाहेरचं काम' दिलं आहे. बाहेरचं म्हणजे मंदिराबाहेरचं. यार्देन नदीच्या पश्चिमेला हशब्याच्या हाताखाली १,७०० आणि पूर्वेला रऊबेनी, गादी व अर्ध्या मनश्शे वंशावर २,७०० हेब्रोनी (हेब्रोनच्या कुळातले) लेवी. दोन्हीकडे देवाचं काम आणि राजाचं काम जोडीनं येतं. लेव्यांना इतर वंशांसारखा सलग प्रदेश वाट्याला आला नव्हता. सगळ्या वंशांच्या मुलखात विखुरलेली ४८ नगरं तेवढी होती. आपल्या भाषेत सांगायचं तर वतन नसलेली, पण गावोगाव पोहोचलेली माणसं. राजाला कारभारासाठी अशीच माणसं सोयीची, असं मला वाटतं. हेब्रोनी लेव्यांचा शोध दाविदाच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षी गिलादातल्या याजेरात घेतल्याचं लिहिलंय आणि याजेर हेही लेव्यांचंच नगर.

प्रतिसाद : एक सावधगिरी. 'इतिहास' हा ग्रंथ बाबेलच्या बंदिवासानंतरचा (यहुद्यांना बाबेलला कैद करून नेलं त्यानंतरचा), दाविदाच्या काळानंतर काही शतकांनी लिहिलेला. '२ शमुवेल'मध्ये दाविदाच्या कारभाऱ्यांच्या दोन याद्या आहेत. त्यांत सेनापती, इतिहासलेखक, चिटणीस, याजक आहेत. लेवी शोतेरांचं नाव नाही. म्हणून ६,००० हा आकडा दाविदाच्या दरबाराची नोंद म्हणून जसाच्या तसा घेऊ नये. यहोशाफाट राजाच्या न्यायव्यवस्थेतही लेवी हेच शोतेर आहेत, पण तो उल्लेखही याच ग्रंथातला (२ इतिहास १९).

प्रश्नकर्ता : मग 'चिटणीस' कसा वाटतो? फडणीस, चिटणीस यांतला 'नीस' फारसी 'नवीस'वरून आला, म्हणजे लिहिणारा. लेखणीतून हुद्दा, अगदी शोतेरसारखा.

प्रतिसाद : व्युत्पत्ती सुंदर जुळते, पण '२ शमुवेल'मधल्या 'सोफेर'साठी (लेखनिकासाठीचा दुसरा हिब्रू शब्द) 'चिटणीस' लागणार आहे आणि '२ इतिहास ३४:१३'मध्ये सोफेर आणि शोतेर एकाच वाक्यात येतात. दोघांना एक शब्द चालणार नाही. माझं मत 'अंमलदार'ला. शोतेरचा पुढचा प्रवास बघा : आजच्या हिब्रूत शोतेर म्हणजे पोलीस. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएल मंडळींच्या (आपल्या मराठी ज्यूंच्या) कानावर तो रोज पडत असेल. आणि आपल्याकडे? मुलखाचा अंमल बघणारा अंमलदार आता 'पोलीस अंमलदार' झाला. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलात तर टेबलामागे 'ठाणे अंमलदार' भेटतो आणि दैनंदिनी लिहिण्याचं काम त्याचंच. हाती लेखणी, अंगावर सरकारचा अधिकार. शोतेरला याहून जवळचा मराठी माणूस मला तरी दिसत नाही.

प्रश्नकर्ता : ठाणे अंमलदाराची दैनंदिनी लक्षातच आली नव्हती. '१ इतिहास'मध्ये 'अंमलदार व न्यायाधीश' करतो, 'निर्गम'मध्ये 'मुकादम'. 'अनुवाद'मधल्या पुकाऱ्याला 'अंमलदार'च ठेवतो.