मदत हवी आहे : बाबांच्या लघवीच्या इन्फेक्शनवर गोळ्या लागू पडत नाहीत (नागपूर)

नमस्कार मंडळी. बाबा ७४ वर्षांचे, जुनी शुगर. गेल्या महिन्यात खुब्याचं हाड मोडलं, इथल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. ते छान झालं. पण लघवीची नळी ९ दिवस तशीच होती! पाचव्या दिवशी बाबा वॉकर धरून चालायला लागले, तेव्हा मी नळीचं विचारलं, तर "राहू द्या, उठवायचा त्रास वाचतो" असं दवाखान्यातले म्हणाले. एक्स-रेला नेताना पिशवी त्यांच्या पोटावर ठेवलेली मी पाहिली. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली हवी, नाहीतर लघवी उलटी आत जाते. नळी जितके दिवस आत, तितका जंतूंचा धोका वाढतो, हे तेव्हा माहीत असतं तर मी भांडले असते.

घरी आल्यावर हुडहुडी भरून १०२ ताप. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) ई. कोलाय जंतू निघाले, तेही ईएसबीएल, म्हणजे बरीच अँटिबायोटिक्स निकामी करणारे. सेफ्ट्रायॅक्सोन, सिप्रोफ्लॉक्सासिन, सगळ्यांपुढे 'आर' (लागू पडत नाही). मेरोपेनेमपुढे 'एस' (लागू पडतं), पण ते दिवसातून तीनदा शिरेतून. किडनीचं क्रिएटिनिनही १.८, म्हणजे वाढलेलं आहे.

नागपुरात संसर्गरोगांचे तज्ज्ञ कोणाला माहीत आहेत का? मेरोपेनेमच्याच गटातलं अर्टापेनेम इंजेक्शन दिवसातून एकदाच असतं, ते घरी येऊन देणारी सिस्टर कोणाला मिळाली का? धंतोली, रामदासपेठ, कुठलंही चालेल. आणि ताप गेल्यावर पुन्हा कल्चर केलं का तुमच्याकडे? त्रास नसताना नुसते जंतू दिसले तर औषध लागत नाही, असं वाचलंय.

मेडिकलमधून आणायच्या गोळ्या कृपया सुचवू नका. बाबांकडे औषधंच मोजकी उरली आहेत.