संशय असताना मतांगीकार म्हणावा का?

उंबरठा (धागा सुरू करणारी)

चर्चच्या उपासनेत सगळे उभे राहून प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा थोडक्यात सांगणारं निवेदन, म्हणू लागतात. 'कुमारी मरियेपासून जन्मला' इथे माझा आवाज आपोआप खाली जातो आणि येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदाराचं, पंतय पिलाताचं, नाव आलं की पुन्हा वर चढतो. पिलाताबद्दल मला काहीच शंका नाही! एका जाणत्या माणसाने सुनावलं, पटत नसेल तर गप्प उभं राहा आणि प्रभुभोजनालाही (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीला) जाऊ नका.

मला हे मान्य नाही. मत्तय २८:१७ बघा. उठलेल्या येशूला शिष्य नमन करतात आणि त्याच वचनात कित्येकांना संशय वाटल्याचंही लिहिलंय. येशू त्यांना बाजूला काढत नाही. पुढची मोठी आज्ञा, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा ही, सगळ्यांना एकत्रच मिळते.

खडकावर

ताई, याकोब १:६ सोयीस्करपणे राहून गेलं वाटतं. संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा, असं स्पष्ट लिहिलंय. शिवाय मतांगीकार म्हणजे काही समूहगान नव्हे. इ.स. ३२५ मध्ये निकेया शहरात बिशप जमले ते एरियस या धर्मगुरूच्या शिकवणीमुळे. पुत्र, म्हणजे येशू, हा पित्याशी एकतत्त्व आहे की निर्माण केलेला आहे, याचा निकाल लावायला. तिथे लिहिलेल्या मतांगीकाराच्या शेवटी उलट मत धरणाऱ्यांना शापही होता. जे कुंपण घालायला लिहिलं, ते कुंपणावर बसून कसं म्हणणार?

उंबरठा

तो शाप रविवारी कुठे म्हणतात? आज निकेयाचा म्हणून जो म्हटला जातो तो इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलेला, आणि त्यात शाप नाही. याकोबाचं म्हणाल तर आधीचं वचन वाचा, तिथे देवाकडे ज्ञान मागण्याचा विषय चाललाय. कुमारी जन्माचा नाही.

बाहेरचा

मी देव मानत नाही, तरी खडकावर यांच्या बाजूने. न पटणारं वाक्य शंभर जणांत मिसळून म्हणायचं, याला आमच्याकडे खोटं बोलणं म्हणतात.

जुनी_बाकं

मग बायबलमधल्या स्तोत्रसंहितेचं काय करायचं? ८८वं स्तोत्र काढा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळतच नाही, अंधारातच थांबतं. तरीही ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलं गेलं, आणि प्रार्थना म्हणूनच. आपल्या गाण्यांत मात्र दर कडव्याला आनंदच आनंद (कीबोर्डवाल्याला दुसरी चाल येत नसावी). तक्रारीला जागाच ठेवली नाही, तर माणूस ओठ मिटूनच उभा राहणार. प्रभुभोजनाबद्दल सांगायचं तर १ करिंथ ११ मध्ये पौल चिडलाय तो काही जण आधीच खाऊन घेतात आणि गरीब उपाशी राहतात म्हणून. स्वतःची परीक्षा करा, हे त्याच ओघात येतं.

खडकावर

विलाप आणि संशय एक नव्हेत. ८८वं स्तोत्र लिहिणारा देवाशीच बोलतोय, देव आहे की नाही असं विचारत नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हाही हाच घोळ झाला. देवाची जाणीव न होण्याची वेदना त्यांत वर्षानुवर्षं आहे, पण म्हणून त्यांनी व्रत मोडलं नाही. आणि येशू उठला हे आधी न मानणारा शिष्य थोमाही शेवटी 'माझा प्रभू, माझा देव' म्हणाला. संशयाला त्याने बिऱ्हाड थाटू दिलं नाही.

उंबरठा

थोमाचं पटलं. पण मधले आठ दिवस विसरू नका. बाकीचे 'आम्ही प्रभूला पाहिलं' म्हणत होते, हा 'मी मानणारच नाही' म्हणत होता, आणि योहान २०:२६ प्रमाणे आठ दिवसांनी तो त्यांच्यातच, त्याच घरात होता. तुमचा नियम लावला असता तर येशू आला तेव्हा थोमा बाहेर असता.

खडकावर

घरात होता, कबूल. पण त्या आठ दिवसांत तो 'आम्ही पाहिलं' असं इतरांच्या सुरात म्हणत नव्हता. माझा आक्षेप तेवढाच. उपासनेला या, बसा, विचारा. ती एक ओळ मात्र सोडा.

उंबरठा

एक ओळ सोडते. प्रभुभोजनाला जाणार.

खडकावर

त्यावर आपलं जमायचं नाही.