शब्दचर्चा : पीपल स्किल्स म्हणजे ‘माणसं सांभाळणं’ का?

उद्यमनगरकर

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फौंड्रीसाठी (वितळलेला धातू साच्यात ओतून सुटे भाग करणाऱ्या कारखान्यासाठी) मराठीतून टिपण तयार करतोय. सुपरवायझर आणि लाइन लीडर यांच्यापुढं ते मांडायचं आहे. विषय असा की शिफ्टमधल्या माणसांशी कसं वागायचं आणि त्यांची टीम कशी उभी करायची. हातात आलेल्या भाषांतरात ‘आंतरवैयक्तिक कौशल्ये’, ‘मृदू कौशल्ये’, ‘संघबांधणी’, ‘सक्रिय श्रवण’, ‘प्रत्याभरण’ असे शब्द आहेत. भट्टीवर अर्धं आयुष्य काढलेला माणूस सभ्यपणे मान हलवेल, पण दुसऱ्या दिवशी फ्लोअरवर यातला एकही शब्द त्याच्या तोंडात येणार नाही. आणि जो शब्द तोंडात येत नाही तो ऐन वेळी आठवतही नाही, असं मला मनापासून वाटतं.

पीपल स्किल्ससाठी माझ्या डोक्यात ‘माणसं सांभाळणं’ आहे. ‘त्याला माणसं सांभाळता येतात’ हे कोल्हापुरात कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. जाणकारांनी मत द्यावं. ‘टीम’ला काही चांगलं सुचत असेल तर तेही सांगा.

पेठेतला

शब्द आपला आहे, पण त्याला दोन बाजू आहेत. पोरं सांभाळतात, म्हातारी माणसं सांभाळतात, गुरं सांभाळतात. ज्याला सांभाळायचं तो आपल्यावर अवलंबून असतो. पंचविशीतला डिप्लोमा झालेला मुलगा पन्नाशीच्या मोल्डरला, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्याला, ‘सांभाळणार’ म्हणजे काय करणार? खरं तर त्या मोल्डरनंच पोराला सांभाळून घेतलेलं असतं.

आणि ‘सांभाळून घेणं’ हे आणखी वेगळं. नवीन माणूस येतो तेव्हा ‘नवीन आहे, सांभाळून घ्या’ म्हणतात, ते चांगल्या अर्थानं. पण एखाद्या साच्यात वाळू सैल राहिलीय, शेजारच्याला ते दिसलंय, तरी ‘जाऊ दे, सांभाळून घेऊ’ म्हणून तो साचा ओतायला गेला, की तेच ‘सांभाळून घेणं’ पुढं मशीनिंगला वाळूचा खड्डा होऊन निघतं. तुमच्या सुपरवायझरना हा फरक नीट मांडून दाखवा. माणसाला सांभाळून घ्यावं, कामातली चूक सांभाळून घेऊ नये.

शब्दवेडा मास्तर

‘मृदू कौशल्ये’ तर काढूनच टाका. अमेरिकी लष्करानं १९७० च्या आसपास प्रशिक्षणाची विभागणी करताना यंत्रं, हत्यारं यांच्याशी संबंधित ती ‘हार्ड’ आणि माणसं, कागदपत्रं, देखरेख यांच्याशी संबंधित ती ‘सॉफ्ट’ अशी नावं रूढ केली. तिथला ‘सॉफ्ट’ नुसता यंत्राच्या विरुद्ध बाजूचा होता. आपण त्याचं ‘मृदू’ केलं आणि ऐकणाऱ्याला वाटायला लागलं की गोड बोलायला शिकवणार आहेत. गोड बोलण्याबद्दल मराठी माणसाचं मत काय असतं ते सांगायला नको.

‘माणसं’ हा शब्द मात्र सोडू नका, फक्त त्याच्यापुढचं क्रियापद बदलत राहा. माणसं जोडणं, माणसं राखणं, माणसं ओळखणं, माणसं धरून ठेवणं, माणसं तोडणं. ‘जोडणं’ बहुधा बाहेरच्या माणसाबाबत, ‘राखणं’ आधीच जोडलेल्याबाबत. ‘ओळखणं’ हे तर सगळ्यात आधीचं काम: कुणाला बारकाव्याचं काम द्यावं, कुणाला धावपळीचं. एकच ‘कौशल्य’ शब्द घेतला की ही सगळी वेगवेगळी कामं एकाच पोत्यात जातात. तुमच्या टिपणात प्रत्येक क्रियापदाला एक पान द्या.

आता ‘सक्रिय श्रवण’. मराठीत ‘ऐकणं’ म्हणजे कानानं ऐकणं आणि ‘ऐकणं’ म्हणजे आज्ञा पाळणंही. ‘पोरं माझं ऐकत नाहीत’ या वाक्यात कानाचा काही दोष नसतो. म्हणून ‘सुपरवायझरनं कामगाराचं ऐकावं’ असं लिहिलंत तर निम्म्या लोकांना वाटेल, याच्या म्हणण्याप्रमाणं वागावं. ‘ऐकून घ्यावं’ लिहा. त्यात थांबणं आहे, मध्ये न तोडणं आहे. पण ‘मी का ऐकून घेऊ?’ असंही आपण म्हणतो, तिथं ऐकून घेणं म्हणजे बोलणी खाणं. त्यामुळं ‘पूर्ण ऐकून घ्या, मग बोला’ एवढं सरळ वाक्य सगळ्यात सुरक्षित.

उद्यमनगरकर

मास्तर, ‘पूर्ण ऐकून घ्या, मग बोला’ जसंच्या तसं घेतलं. पुढचा प्रश्न फीडबॅकचा. ‘प्रत्याभरण’ कुणाला समजणार नाही. ‘समज देणे’ चालेल का?

हातकणंगले लाइन

अजिबात नको! ‘समज दिली’ म्हणजे ताकीद दिली. ऑफिसात ‘लेखी समज’ फायलीला लागते. ‘समजावून सांगितलं’ आणि ‘समज दिली’ यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एका कारखान्यात नोटीस बोर्डावर ‘सर्व नवीन कामगारांना सुरक्षिततेची समज देण्यात येईल’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. आलेली पोरं आपलं काय चुकलं म्हणून एकमेकांकडं बघत होती.

फीडबॅकला ‘कुठं चुकलं, कुठं जमलं ते सांगणं’ असं लांबलचकच लिहा. मराठीत चुकलेल्यावर बोलायला शब्दांची रेलचेल आहे: खडसावणं, झापणं, कानउघाडणी, हजेरी घेणं, चार शब्द सुनावणं. जमलेल्यावर बोलायला ‘शाब्बास’ आणि ‘पाठ थोपटणं’, बास. शाब्बासकीची सवयच कमी, म्हणून शब्दही कमी राहिले असावेत. टिपणात ‘जमलं ते सांगणं’ आधी घाला.

काहील आणि काकवी

टीमबद्दल बोलतो. ‘चमू’ काही वर्तमानपत्रांत येतो, तो कृपा करून घेऊ नका. प्राचीन सैन्यगणनेत चमू म्हणजे ७२९ हत्ती, ७२९ रथ, २१८७ घोडे आणि ३६४५ पायदळ. त्याच मोजणीत सगळ्यात लहान तुकडी ‘पत्ती’: एक हत्ती, एक रथ, तीन घोडे, पाच पायदळ. म्हणजे वेगवेगळ्या कामाची, एकमेकांच्या उणिवा भरून काढणारी दहा जणांची तुकडी. खरी टीम तीच, पण आज पत्ती म्हटलं की चहाची नाहीतर पत्त्यांची आठवते.

‘संघ’ म्हटलं की आपल्या जिल्ह्यात आधी दूध संघ डोळ्यांपुढं येतो. ‘टोळी’ ऊसतोडीची. तिच्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात, मुकादम उचल देतो आणि टोळी बांधतो. शब्द जिवंत आहे, पण त्यात उचलीचं ओझंही आहे. ‘गँग’ रेल्वेत आणि रस्त्याच्या कामावर चालतो, कारखान्यात नको वाटतो. मला विचाराल तर ‘टीम’च ठेवा. मराठीत तो केव्हाच मुरलाय. इंग्रजीतही एकत्र जुंपलेल्या जनावरांना टीम म्हणत, मग तो माणसांवर आला, त्यामुळं बैलजोडी जुंपलेल्या माणसाला तो परका वाटायचं कारण नाही.

टीम म्हणजे काय हे दाखवायचं असेल तर गुऱ्हाळावर न्या त्यांना. चुलवाणात चिपाडं सारणारा चुलव्या खाली बसलेला, काहिलीतला, म्हणजे वरच्या मोठ्या कढईतला, रस त्याला दिसत नाही. गुळव्या वर उभा, त्याला जाळ दिसत नाही. रस तापला की भेंडीचं पाणी टाकून मळी काढायची. पाक दाटत आला की गुळव्या थोडा पाण्यात टाकून गोळी बघतो. तो ‘जाळ कमी’ म्हणाला की चुलव्यानं त्या क्षणी हात थांबवायचा, कारण विचारायचं नाही. आणि चुलव्या ‘चिपाड ओलं हाय’ म्हणाला तर गुळव्यानं ते गांभीर्यानं घ्यायचं, कारण त्याचा सगळा अंदाज त्या जाळावर आहे. काहील उतरवताना सगळ्यांचे हात एकदम लागतात. एकाचाही मेळ चुकला तर आदण, म्हणजे त्या काहिलीतला सगळा घाणा, गेलं. मला ‘समन्वय’पेक्षा ‘मेळ’ हा शब्द फार मोठा वाटतो. मेळ असतो, बसतो, जमतो, चुकतो. ‘समन्वय’ फक्त साधतात.

फेटलिंग शॉप

मेळावरून आठवलं. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती अभियंत्यानं दोर ओढण्याचे प्रयोग केले होते, ते १९१३ मध्ये छापून आले. एकटा माणूस ओढतो ते १०० धरलं तर आठ जणांत प्रत्येकाचा वाटा सुमारे ४९ वर येतो. कारण दोन असू शकतात: एक, सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागत नाही, दुसरं, मी थोडं कमी ओढलं तर कुणाला कळणार. १९७४ मध्ये काही संशोधकांनी माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, मागं बाकीचे ओढतायत असं त्याला भासवून पाहिलं. मागं कुणी ओढत नव्हतं, तरी जोर कमी झाला. पहिल्याला मराठीत ‘मेळ नसणं’ आणि दुसऱ्याला ‘अंग चोरणं’. इंग्रजीत त्याला ‘सोशल लोफिंग’ म्हणतात, पण आपल्या ‘अंगचोर’मध्ये सगळं आलं.

आणि उपायही आपल्याकडं आहे: पैरा. आज माझ्या रानात चौघं, उद्या तुझ्या रानात आम्ही चौघं. पैऱ्याला आलेला माणूस सहसा अंग चोरत नाही, कारण पैरा फेडायचा असतो आणि कोण किती राबलं ते सगळ्यांना दिसतं. कुणी काय केलं ते दिसत राहील अशी कामाची वाटणी करा, हेच पुस्तकंही सांगतात.

शब्दवेडा मास्तर

फेटलिंग शॉप, ‘अंग चोरणं’ला तोड नाही.

उद्यमनगरकर

एक अवघड शब्द उरला. ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’. भाषांतरात ‘मानसशास्त्रीय सुरक्षितता’ आहे. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांच्या १९९९ च्या निबंधामुळं हा शब्द टीमच्या संदर्भात रुजला. त्यात एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास आहे. सार असं, की चूक कबूल करायला, अडलं ते विचारायला, वरिष्ठाला ‘हे बरोबर वाटत नाही’ म्हणायला जिथं धास्ती वाटत नाही, तिथली टीम शिकते आणि शिकलेली टीम काम चांगलं करते. त्याआधी त्यांनी रुग्णालयांत पाहिलं होतं, तेव्हा चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदवलेल्या निघाल्या. चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे, त्या उघड बोलल्या जात होत्या म्हणून. फौंड्रीत याचं मोल फार आहे. एसजी आयर्नला (बिडाचा एक चिवट प्रकार) मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली, म्हणजे वितळलेल्या धातूत मॅग्नेशियम मिसळलं, की वेळ जाईल तसा परिणाम उतरत जातो. ओतायला उशीर झालाय हे लॅडलवाल्यानं (धातू ओतणाऱ्यानं) तोंड उघडून सांगितलं तरच ते धातू परत भट्टीत जाईल. नाहीतर ओतलं जाईल.

पेठेतला

याला मराठीत शब्द आहे की! आपण नकारात म्हणतो: ‘इथं बोलायची सोय नाही.’ साहेबाला काही सांगायला जावं तर ‘तुला कुणी विचारलं?’ असं ऐकावं लागतं, तिथं बोलायची सोय नसते. मग सकारात्मक करा: ‘बोलायची सोय.’ आपल्या शिफ्टमध्ये बोलायची सोय आहे का, हा प्रश्न लाइन लीडरला विचारा. लगेच उत्तर देईल, आणि बहुतेक खरं देईल.

जोडीला ‘विश्वासात घेणं’ ठेवा. ओव्हरटाइम लागणार, पॅटर्न बदलणार, माणूस दुसऱ्या लाइनला हलवणार, तर आधी विश्वासात घेतलं का? माझ्या पाहण्यातली निम्मी भांडणं ‘मला विश्वासात घेतलं नाही’ इथून सुरू झालीत.

उद्यमनगरकर

‘बोलायची सोय’! इतके दिवस हेच शोधत होतो.

टकमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये सांगितलेल्या टीमच्या चार पायऱ्यांनाही घरचीच नावं देतोय: नव्याची नवलाई, कुरबुरी, घडी बसणं, हात बसणं. चालतील ना?

हातकणंगले लाइन

चालतील. ‘कुरबुरी’ दुसऱ्या पायरीला ठेवलीत ते उत्तम. कुरबुरी झाल्या म्हणजे टीम मोडली असं समजून माणसं बदलणारे सुपरवायझर खूप आहेत. घडी बसायच्या आतच ते घडी मोडतात.

फेटलिंग शॉप

एक राहिलं. हाक. कोल्हापुरात ‘तू’ आपुलकीचा आहे, मोठ्या भावालाही आपण अरे-तुरे करतो. पण तेच ‘तू’ हिंदीत जसंच्या तसं नेलं की बिहार, ओडिशाहून आलेल्या माणसाला ते टोचतं. आपल्या बोलण्यात राग नसतो, त्याला मात्र अपमान वाटतो, आणि तो बोलूनही दाखवत नाही. हिंदीत बोलताना ‘आप’, निदान ‘तुम’. आपल्यातल्या वयस्कर मिस्त्रीला ‘मामा’ नाहीतर ‘अण्णा’, आणि क्रियापद ‘बघा’, ‘या’, ‘सांगा’. कुणालाही ‘ए बिहारी’ नको. नाव हजेरीपटावर लिहिलेलं असतं. पहिल्याच दिवशी त्यालाच विचारून घ्यायचं, नीट उच्चारायचं, आणि साचा बंद करायला बोलावताना त्याच नावानं हाक मारायची.