जुनी ५४० जीप घेऊ का? सकाळी पांढरा धूर, घाटात गरम, मेकॅनिक म्हणतो इंजिन खोला

वारज्याचा_वाटसरू
नमस्कार मंडळी. पौडच्या पुढे एक महिंद्राची एमएम ५४० जीप बघून ठेवलीये, १९९४ ची, फोर बाय फोर, तेच जुनं २११२ सीसीचं प्यूजो इंजिन. पहिल्यापासून एकाच घरात आहे, आधी शेतावर पळायची, आता शेडमध्ये पडून असते. मालक काका प्रामाणिक वाटतात, स्वतःच सांगितलं की सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, मग भसकन पांढरा धूर येतो आणि पाचेक मिनिटांत सगळं शांत. दुसरं म्हणजे ताम्हिणीकडे चढाला लागली की तापमानाचा काटा वर जायला लागतो. ओळखीच्या मेकॅनिकला नेलं तर त्याने लांबूनच ऐकून सांगितलं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय, पूर्ण इंजिन काम काढा. बोनेटसुद्धा नीट उघडून बघितलं नाही. किंमत इथे लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्यावरच जाईल. रोज वापरायची नाहीये, शनिवार रविवार मुळशी, वेल्हे, पानशेत एवढंच. काय बघू आणि कशाला घाबरू?

सिंहगड_रोडकर
मी तर म्हणेन राहू दे. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. चांदणी चौकात अडकलास की पहिल्याच महिन्यात हौस फिटेल. घ्यायचीच असेल तर घरात दुसरी गाडी आहे हे गृहीत धरून घे.

डिझेलचा_वास
इंजिन खोलायची एवढी घाई कशाला? पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, आणि पाच मिनिटांत जातोय म्हणजे गरम झाल्यावर इंजिन नीट जाळतंय. हे इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं नाही, डिझेल आधी हेडमधल्या (सिलिंडरवरच्या झाकणातल्या) छोट्या चेंबरमध्ये पेटतं आणि थंड असताना तिथली उष्णता हेडच खाऊन टाकतं, म्हणून याला तो चेंबर तापवणारे हीटर प्लग धडधाकट लागतातच. डिसेंबरात पुण्यात पहाटे दहा डिग्री असताना दोन प्लग मेलेले असतील तर अगदी हेच होणार जे तू लिहिलंयस. एकेक प्लगची वायर सुटी करून मीटर लाव, मेलेला लगेच कळतो.

पण मला जास्त संशय हवेचा आहे. उभ्या राहिलेल्या गाडीत पाइप कडक होतात, पाइप जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर बसके होतात, मग रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं आणि त्याच्या जागी हवा येते. बाहेर डिझेल गळताना दिसत नाही म्हणून कोणी तिकडे बघतच नाही. गाडी रात्रभर उभी राहू दे, सकाळी सेल्फ मारायच्या आधी टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हॅन्ड प्रायमर हाताने दाब. दोनचार दाबांत कडक झाला तर लाइन भरलेली आहे, पोकळच लागत राहिला तर हवा आहे. खात्री करायची तर फिल्टरच्या आधीच्या पाइपमध्ये वीतभर पारदर्शक नळी जोड आणि इंजिन चालू असताना बघ, बुडबुडे पळताना डोळ्यांना दिसतात. याला खर्च जवळजवळ शून्य.

इंजिन खरंच बसलंय का ते बघायचं असेल तर गरम झाल्यावर आयडलला ऑइलचं झाकण उघड. हलकी वाफ चालते, पण फुसफुस करत धूर जोरात बाहेर फेकत असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर असेल तर मात्र मेकॅनिक खरा. आणि पांढरा धूर गरम झाल्यावरही जातच नसेल, पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेट (हेडखालचं सील) गेलंय, ती गोष्ट वेगळी.

लो_गिअर
वरच्यांशी सहमत. गरम होण्याबद्दल माझं मत, आधी समोरून बघ. ग्रिलपुढे लाइट, हॉर्न, विंच असलं काही ठोकलंय का, रेडिएटरच्या जाळीत शेतातला भुसा भरलाय का, पंख्याभोवतीचं कव्हर जागेवर आहे का. निम्म्या जीपचं ते कव्हर कुणीतरी कधीतरी काढून फेकलेलं असतं, मग पंखा इकडचीच हवा इकडे फिरवतो आणि चढाला कमी स्पीडमध्ये काटा वर. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाक असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, तो काढला की एरवी इंजिन थंडच राहतं आणि दोष तसाच लपून बसतो.

इंजिनापेक्षा मी खालचं बघेन. पुढचं चाक जॅकवर घे, वर आणि खाली धरून हलव, खेळ लागला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन). पन्नासला खड्डा लागल्यावर स्टिअरिंग हातातून सुटेल असं थरथरतं ना, ते बहुतेक वेळा इथूनच येतं, आणि त्यात लोक रुंद टायर टाकून आणखी वाट लावतात. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल आणि बुश बघ, यूबोल्ट बघ. चेसीवर पाटे जिथे बसतात तिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघ, नुसता रंग मारून गंज झाकलेला असतो. डिफचं (अॅक्सलमधल्या डिफरन्शियल गिअरचं) ऑइल दुधासारखं निघालं तर आत पाणी गेलंय, ओढ्यात घातलेल्या गाडीत हे हमखास.

आणि हो, ट्रायलला फोर बाय फोर डांबरी रस्त्यावर टाकून वळवू नकोस. पुढच्या मागच्या चाकांचं अंतर वळणात वेगळं पडतं, मध्ये डिफ नाही, सगळा पीळ शाफ्टवर येतो आणि लिव्हर निघता निघत नाही. माती बघून टाक.

संगम_पूल
कागद कोणी विचारले नाहीत अजून! पंधरा वर्षं कधीच झाली, त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग, शेवटचं कधी झालंय आणि पर्यावरण कर भरलाय का ते आरसीवर बघ. एप्रिल २०२२ मध्ये नूतनीकरणाची फी ६०० वरून ५००० झाली होती, म्हणून शेतावरच्या गाड्यांचं पासिंग लोकांनी तसंच सोडून दिलंय. दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा विषय दिल्ली परिसराचा आहे, पुण्यात नाही, त्याने घाबरू नकोस. पण इंजिन नंबर आणि चेसी नंबर स्वतः वायर ब्रशने घासून आरसीशी ताडून बघ. बऱ्याच जीपमध्ये मधेच कुणीतरी डीआय (डायरेक्ट इंजेक्शनचं) इंजिन बसवलेलं असतं आणि कागदावर जुनंच. चेसी नंबर गंजून वाचता येत नसेल तर सौदाच करू नकोस, आरटीओत तिथेच अडकेल.

वारज्याचा_वाटसरू
मंडळी, लय भारी. काल सकाळी परत जाऊन आलो, काकांनी रात्रभर हात लावला नव्हता. प्रायमर दाबत बसलो, बराच वेळ नुसता पोकळ, मग हळूहळू कडक झाला, आणि त्यानंतर हीटर देऊन किल्ली मारली तर लगेच चालू! धूर थोडा आलाच, प्लग बघायचेत अजून. ऑइलच्या झाकणातून वाफ अगदी हलकी. पंख्याचं कव्हर अर्थातच नाहीये, काका म्हणाले ते कोंबड्यांच्या खुराड्याला लावलंय 😄 डाव्या चाकाला खेळ आहे. चेसी नंबर स्पष्ट आहे, पासिंग मात्र संपलंय, त्यावर किंमत थोडी खाली आणायला बघतोय. वॉशर आणि डिझेल पाइप कुठे मिळतील?

डिझेलचा_वास
नाना पेठेत. जुना पाइपचा तुकडा आणि एक वॉशर सोबत घेऊन जा, तोंडी माप सांगून आणलेले बसत नाहीत. रबर पाइप डिझेलचाच माग, पाण्याचा लावलास तर फुगून परत हवा धरेल. आणि किंगपिनचं काम ताबा घेतल्यावर पहिलं, मुळशी नंतर.

लो_गिअर
खुराड्यावरचं कव्हर सौद्यात धरून घे, नवीन शोधत फिरशील.