घरगुती चित्रीकरणासाठी परवडणारा डिजिटल कॅमकॉर्डर : वापरणाऱ्यांची मते हवी आहेत

प्रति : मंडळाची सभासद यादी
दिनांक : १९ जुलै २००४

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

आमची धाकटी मुलगी यंदा मंडळाच्या गणेशोत्सवात पहिल्यांदाच रंगमंचावर येणार आहे, आणि डिसेंबरमध्ये माझ्या धाकट्या दिरांच्या लग्नासाठी आम्ही सर्वजण नाशिकला जाणार आहोत. या दोन्ही प्रसंगांचे चित्रीकरण घरच्या घरी करता यावे, म्हणून आम्ही डिजिटल कॅमकॉर्डर घ्यायचे ठरवले आहे. कॅमेरा, टेप आणि बॅग मिळून पाचशे डॉलरच्या वर जायचे नाही, अशी आमची मर्यादा आहे.

दुकानात जाऊन आलो तेव्हा कॅननचा झेडआर-८०, सोनीचे एक-दोन हँडीकॅम आणि छोट्या डीव्हीडीवर थेट रेकॉर्डिंग करणारे कॅमेरे असे पर्याय पुढे आले. डीव्हीडीचे कॅमेरे आमच्या मर्यादेबाहेरचे आहेत. तरीही टेप गुंडाळत बसावे लागत नाही म्हणून यजमानांचा ओढा तिकडे आहे. पेट्यांवर कुठे चारशे पट, कुठे नऊशे पट झूम असे लिहिलेले असते, त्यातले खरे किती धरायचे हेही कळत नाही. नाशिकला सासूबाई-सासऱ्यांना घरच्या टीव्हीवर हे सगळे पाहता आले पाहिजे, ही आमची मुख्य गरज आहे. ज्यांनी असे कॅमेरे प्रत्यक्ष वापरले आहेत, त्यांनी कृपया मोकळेपणाने मत द्यावे.

आपली,
बालविभागातील एक पालक

---

प्रति : मंडळाची सभासद यादी
दिनांक : २० जुलै २००४

स. न. वि. वि.

ताईंचा प्रश्न गणपतीच्या आधी दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. मंडळाच्या कार्यक्रमांचे चित्रीकरण मी बरीच वर्षे मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल टेपवर चित्रण करणाऱ्या) कॅमेऱ्यावर करीत आलो आहे, आणि तुमच्या गरजेला साधा, एका सीसीडीचा, म्हणजे उजेड टिपणारी एकच चिप असलेला, मिनीडीव्ही कॅमेराच योग्य ठरेल असे माझे स्पष्ट मत आहे. झेडआर-८० त्याच जातीचा असून माझ्या मेहुण्यांकडे तो आहे. त्यांच्या अंगणातल्या वाढदिवसाचे चित्रण मी पाहिले. दिवसाच्या उजेडात चेहऱ्यांचे आणि कपड्यांचे रंग इतके नैसर्गिक आले आहेत की चारशे डॉलरच्या आसपासच्या कॅमेऱ्याकडून याहून अधिक मागू नये.

असे होण्यामागे कारण आहे. डीव्ही ही पद्धत १९९५ साली बाजारात आली, तेव्हापासून या टेपवर माहिती लिहिण्याची रीत ठरलेली आहे : सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट, आणि अमेरिकेतल्या कॅमेऱ्यात ७२० बाय ४८० बिंदूंचे चित्र. चारशे डॉलरचा कॅमेरा असो वा तीन हजारांचा, टेपवर उतरणाऱ्या माहितीचा वेग तोच असतो. फरक पडतो तो भिंगात आणि सीसीडीत. स्वस्त कॅमेऱ्यातली सीसीडी जेमतेम एक-षष्ठांश इंचाची असते, त्यामुळे संध्याकाळच्या दिवाणखान्यात ती उजेडाला कमी पडते आणि चित्रात दाणे उठतात. पॅनासॉनिकचे तीन सीसीडीचे छोटे कॅमेरे आता हजार डॉलरच्या आत मिळतात आणि त्यांचे रंग निश्चितच सरस आहेत; पण सीसीडी तीन असल्या तरी प्रत्येक लहानच असल्यामुळे मंद उजेडातली अडचण तिथेही संपत नाही. त्या जादा पैशांत एक मोठी बॅटरी, एक बरी तिपाई आणि बाहेरून जोडायचा एक मायक्रोफोन येतो. घरगुती चित्रीकरण पाहण्यासारखे होते ते या तीन गोष्टींमुळे, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

झूमबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की भिंगाचा झूम खरा. झेडआर-८० मध्ये तो अठरा पट आहे, आणि सभागृहाच्या मागच्या रांगेतून रंगमंचावरचे मूल पूर्ण चौकटीत घ्यायला तो भरपूर होतो. चारशे आणि नऊशे हे आकडे डिजिटल झूमचे आहेत. त्यात आहे तेच चित्र ताणून मोठे केले जाते आणि चेहऱ्याचे चौकोनी ठिपके होतात. घरी आणल्याबरोबर मेनूमध्ये जाऊन तो बंद करून टाकावा.

डीव्हीडीच्या कॅमेऱ्याविषयी यजमानांना माझ्या वतीने अवश्य सांगा. त्या आठ सेंटीमीटरच्या चकतीवर चांगल्या प्रतीचे चित्रण वीस ते तीस मिनिटांपलीकडे मावत नाही, आणि लग्नातली मंगलाष्टके मध्येच थांबवून चकती बदलता येत नाही. दुसऱ्या यंत्रावर ती चालण्यासाठी आधी ‘फायनलाइझ’ करावी, म्हणजे लेखन पूर्ण करून बंद करावी लागते, आणि ज्या यंत्रांत चकती फटीतून आत ओढली जाते त्यांत ही लहान चकती घालूच नये. शिवाय चित्र आधीच एमपेग-२ पद्धतीने दाबून लिहिलेले असल्यामुळे पुढे संगणकावर कापाकापी करणे जड जाते. मिनीडीव्हीची कॅसेट तासाभराची असते, काही डॉलरना मिळते, आणि काम झाल्यावर मूळ प्रत म्हणून तशीच कपाटात ठेवता येते.

हीच कॅसेट ‘एलपी’वर, म्हणजे संथ गतीवर, नव्वद मिनिटे चालवायचा मोह मात्र टाळावा. चित्राची प्रत त्यात घसरत नाही, कारण माहिती तेवढीच असते. पण टेपवरच्या रेघा अरुंद होतात, मध्येच चौकोन फुटण्याची शक्यता वाढते, आणि एका कॅमेऱ्यावर एलपीत घेतलेली कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यावर नीट चालेलच याचा भरवसा राहत नाही. चित्रण मागे नेऊन पाहिल्यावर पुन्हा पुढे घेताना मोकळी जागा सुटू देऊ नये, कारण त्या ठिकाणी टाइमकोड (प्रत्येक चौकटीची नोंदलेली वेळ) पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि संगणकावर उतरवताना एकाच टेपवर दोन दृश्यांची एकच वेळ दिसून गोंधळ उडतो. बहुतेक कॅमेऱ्यांत ‘एंड सर्च’ची सोय असते, तिने शेवटच्या चौकटीवर जाऊन तिथूनच पुढे घ्यावे.

संगणकावर उतरवण्यासाठी कॅमेरा आणि संगणक जोडणारे फायरवायर लागते. सोनी त्यालाच आय-लिंक म्हणते. कॅमेऱ्याला यूएसबीचे तोंड असले तरी अनेक मॉडेलांत ते केवळ स्थिर छायाचित्रांसाठी किंवा वेबकॅम म्हणून असते, हे खरेदीपूर्वी पाहून घ्यावे. मॅकवर आयमूव्ही आणि विंडोज एक्सपीवर मूव्ही मेकर असल्यामुळे वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही, परंतु तासाभराच्या चित्रणाला सुमारे तेरा गिगाबाइट जागा लागते. विंडोजची डिस्क फॅट-३२ या जुन्या फाइल-पद्धतीची असेल तर एका फाइलला चार गिगाबाइटची मर्यादा आड येऊन एकोणीस-वीस मिनिटांनी फाइल तुटते; एनटीएफएस या नव्या पद्धतीवर ही अडचण येत नाही.

नाशिकचे म्हणाल तर इथला कॅमेरा एनटीएससी या टीव्ही-पद्धतीचा आणि तिकडचे प्रसारण पाल या वेगळ्या पद्धतीचे. पूर्वी आपण व्हीएचएस कॅसेट पाठवायचो आणि त्या तिकडच्या व्हीसीआरवर चालायच्या नाहीत, ते दिवस बऱ्याच जणांना आठवत असतील. डीव्हीडीने ते दुखणे जवळजवळ संपवले आहे. भारतात मिळणारे बहुतेक डीव्हीडी प्लेयर दोन्ही पद्धतींच्या चकत्या लावतात, आणि घरी तयार केलेल्या डीव्हीडीला रीजन कोडही (ठरावीक देशांपुरते बंधनही) नसतो. उलट दिशेने मात्र तसे होत नाही, कारण इथले अनेक प्लेयर पालची चकती घेत नाहीत. म्हणूनच लग्नाच्या वेळी तिकडच्या नातेवाइकांच्या कॅमेऱ्यात घेतलेली कॅसेट इकडे आणून तुमच्या कॅमेऱ्यात घालण्याचा बेत करू नये. ती तिकडेच संगणकावर उतरवून आणावी.

कळावे, लोभ असावा.
ध्वनी-प्रकाश विभाग

---

प्रति : मंडळाची सभासद यादी
दिनांक : २० जुलै २००४

नमस्कार,

काकांच्या पत्राशी मी सहमत आहे. केवळ एका पर्यायाकडे लक्ष वेधू इच्छिते. ज्यांच्या घरी जुन्या आठ मिलीमीटरच्या किंवा हाय-८ च्या कॅसेट पडून आहेत, त्यांनी सोनीच्या डिजिटल-८ चा विचार अवश्य करावा. ही पद्धत सोनीने १९९९ मध्ये आणली. डीव्हीचीच माहिती त्यात हाय-८ च्या टेपवर लिहिली जाते, आणि १२० मिनिटांच्या टेपवर साठ मिनिटांचे डिजिटल चित्रण बसते. माझ्या कॅमेऱ्याची मोठी कमाई अशी की तो जुन्या ॲनालॉग कॅसेटही वाजवतो, आणि वाजवता वाजवता त्यांचे डिजिटल रूपांतर करून आय-लिंकमधून थेट संगणकाकडे पाठवतो.

माझ्या मोठ्या मुलाच्या बारशाची कॅसेट मी याच मार्गाने उतरवली. माझ्या आजेसासूबाई त्या चित्रणात पाळण्याची दोरी हातात घेऊन बसल्या आहेत आणि शेजारच्या बाईंना नाव कानात कसे सांगायचे ते समजावीत आहेत. त्या आता नाहीत. त्यांचा आवाज घरात एवढ्याच कॅसेटवर होता, आणि चित्रात अधूनमधून पांढऱ्या रेघा दिसू लागल्या होत्या. अशा टेप कोणाकडे असतील तर नवा कॅमेरा कोणताही घ्या, पण हे काम मात्र लांबणीवर टाकू नका.

सध्याच्या डिजिटल-८ च्या प्रत्येक मॉडेलमध्ये ॲनालॉग कॅसेट वाजवण्याची सोय नसते, तेव्हा पेटीवर तसा स्पष्ट उल्लेख पाहूनच खरेदी करावी. कॅमेरा मिनीडीव्हीपेक्षा जाडजूड आहे. लग्नात दिवसभर हातात धरायचा असेल तर मनगटाला जाणवतो. ताईंकडे जुन्या कॅसेट नसतील, तर त्यांनी मिनीडीव्हीच घ्यावा असे मीही म्हणेन.

आपली,
ग्रंथालय समिती

---

प्रति : मंडळाची सभासद यादी
दिनांक : २१ जुलै २००४

काका आणि ताई, दोघांचेही मनःपूर्वक आभार. आमच्याकडे जुन्या कॅसेट नाहीत, तेव्हा मिनीडीव्ही निश्चित केला आहे, आणि यजमानांनाही मंगलाष्टकांचा मुद्दा पटला. काका, आपण बाहेरच्या मायक्रोफोनचा उल्लेख केलात, पण कॅमेऱ्यातच मायक्रोफोन असताना तो वेगळा का घ्यावा, हे कृपया समजावून सांगावे. मुलींचे अभंगावरील नृत्य आहे आणि त्याआधी ढोल-लेझीम आहे. गेल्या वर्षीच्या चित्रणात मुलांचे चेहरे अगदी पांढरे पडलेले दिसत होते, त्यावरही काही उपाय असल्यास सांगावा.

---

प्रति : मंडळाची सभासद यादी
दिनांक : २२ जुलै २००४

स. न. वि. वि.

आवाजाविषयी विचारलेत याचा मला विशेष आनंद झाला, कारण चित्र थोडे धूसर असले तरी माणसे ते प्रेमाने पाहतात, पण नातीचे शब्द ऐकू आले नाहीत तर आजी-आजोबा दोन मिनिटांत उठून जातात.

लहान कॅमेऱ्यात मायक्रोफोन आणि टेप फिरवणारी मोटर एकमेकांपासून बोटभर अंतरावर असतात. आमच्या पहिल्या कॅमेऱ्यात शांत खोलीतल्या प्रत्येक चित्रणामागे एक बारीक घरघर सतत ऐकू यायची. दुसरे असे की आवाजाची पातळी कॅमेरा आपणहून ठरवतो. सभागृह शांत असले की तो पातळी वाढवतो, आणि मग ती घरघर, प्रेक्षकांची कुजबुज, खुर्च्यांची करकर सगळे वर येते. तेवढ्यात ढोलावर टिपरू पडले की तो घाबरल्यासारखी पातळी एकदम खाली ओढतो आणि नंतरचे काही क्षण लेझमीचा खुळखुळाट जणू पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो. मायक्रोफोन वायरीने रंगमंचाजवळ नेला तर मोटरचा प्रश्न पूर्ण सुटतो, आणि गाणे जवळून व मोठे मिळत असल्यामुळे पातळीची ही वरखालही बरीच कमी होते.

यासाठी कॅमेऱ्याला मायक्रोफोन जोडण्याचे छिद्र असावे लागते. स्वस्त मॉडेलांमध्ये कंपन्या पहिली काटछाट इथेच करतात, म्हणून माझ्या मते खरेदी करताना झूमच्या आकड्यापेक्षा आणि मेगापिक्सेलपेक्षा हे छिद्र आधी शोधावे. त्यासाठी वीस-तीस डॉलर जास्त मोजावे लागले तरी मोजावेत. मंडळाच्या मिक्सरमधून थेट आवाज घेता येतो, पण मिक्सरचा आवाज लाइन पातळीचा आणि कॅमेऱ्याचे छिद्र मायक्रोफोन पातळीचे असते, त्यामुळे मध्ये ॲटेन्युएटर (पातळी कमी करणारे साधन) न लावता जोडल्यास सगळे फाटून जाते.

आणखी एक सेटिंग अवश्य बदलावे. अनेक घरगुती कॅमेरे दुकानातून येतात तेव्हा ध्वनी १२ बिटवर ठेवलेला असतो, म्हणजे ३२ किलोहर्ट्झचे नमुने, आणि त्यात १६ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज टिपलाच जात नाही. मेनूमध्ये तो १६ बिट करावा. मग ४८ किलोहर्ट्झ मिळतात आणि टाळांची खणखण बोथट होत नाही. टेप जास्त खर्च होत नाही.

पांढऱ्या चेहऱ्यांचे कारण रंगमंचामागचा काळा पडदा. कॅमेरा पूर्ण चौकटीचा सरासरी उजेड मोजतो, काळोख जास्त दिसला की झडप उघडतो, आणि प्रकाशझोतात उभे असलेले मूल त्यात करपते. बहुतेक कॅमेऱ्यांत ‘स्पॉटलाइट’ नावाची सोय असते, ती लावावी. एक्स्पोजर हाताने ठरवता येत असेल तर त्याहून उत्तम. तालमीच्या वेळी कपाळ आणि गाल यांच्या छटा वेगळ्या दिसेपर्यंत ते कमी करावे आणि तिथेच बांधून ठेवावे. रात्रीच्या चित्रणाची हिरवट इन्फ्रारेड सोय मात्र रंगमंचासाठी वापरू नये.

नाशिकसाठी दोन गोष्टी. कॅमेऱ्याचा चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टचा असतो, तसे त्यावर छापलेले पाहा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर न्यावा लागणार नाही आणि केवळ पिन बदलणारा प्लग पुरेल. सोबतची बॅटरी लग्नाला मुळीच पुरणार नाही, मोठी एक घ्यावीच. आपल्याकडच्या थंडीतून कॅमेरा गरम घरात आणला, किंवा वातानुकूलित गाडीतून दमट हवेत काढला, तर आतल्या ड्रमवर (टेप वाचणाऱ्या फिरत्या भागावर) दव धरते आणि कॅमेरा इशारा देऊन बंद पडतो. तो बॅगेतच, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा. भिजलेल्या ड्रमवर टेप चिकटली तर दोन्हीचे नुकसान होते.

मंडळाकडे लांब वायर, एक मायक्रोफोन आणि ॲटेन्युएटर आहे. कॅमेरा घेतलात की त्याला छिद्र आहे की नाही ते मला कळवा आणि रंगीत तालमीला तासभर लवकर या, म्हणजे मिक्सरला जोडून ढोल आणि अभंग दोन्हींची पातळी आधीच ठरवून ठेवू. इतर पालकांनाही त्याच वेळी कॅमेरे घेऊन यायचे असेल तर स्वागत आहे. एक कॅमेरा मिक्सरवर आणि दुसरा मायक्रोफोनवर असे दोघांचे सहज जमेल.

आपला,
ध्वनी-प्रकाश विभाग