पाणीटंचाई आणि ऊस: कोलाजमध्ये रूपक कसे उभे करावे? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

कात्रणवही

मी लातूरची असून शाळेत चित्रकला शिकवते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टँकरांनी आमच्या शहराला पाणी आले, त्या काळातली वर्तमानपत्रांची कात्रणे मी जपून ठेवली आहेत आणि त्यांतून पाणीटंचाई व ऊस यांच्या संबंधावर कोलाजची (कात्रणे चिकटवून केलेल्या चित्रांची) एक मालिका करण्याचा विचार आहे. पहिल्या चित्रात भेगाळलेली जमीन, हंडे घेतलेल्या बायका, टँकर, कोरडे पडलेले मांजरा धरण आणि साखर कारखान्याची चिमणी हे सगळे एकत्र आणले. विषय पाहणाऱ्यांना लगेच कळतो, परंतु "खरेच, फार वाईट परिस्थिती होती" एवढे म्हणून ते पुढे जातात आणि उसाबद्दल कोणी अवाक्षरही काढत नाही. मला घोषणाफलक करायचा नाही, आणि कोणालाच उलगडणार नाही असे गूढ चित्रही नको आहे. हा तोल कसा साधावा? शिवाय चित्रात मूळ कात्रणे चिकटवावीत की त्यांच्या प्रती, आणि छायाचित्रांच्या हक्कांचे काय, याबद्दलही मार्गदर्शन हवे आहे.

शिळाछाप

आपण सांगितलेल्या चित्रातली जवळजवळ प्रत्येक वस्तू दुष्काळाच्या बातमीत आधीपासूनच एकत्र असते, त्यामुळे तिथे एकावर एक वस्तू साचतात, पण कशाचीच कशाशी टक्कर होत नाही. भेगाळलेली जमीन तर इतकी वापरून झाली आहे की ती पाहताच डोळा पुढे सरकतो, आणि तिच्यामुळे सगळा दोष आपोआप आभाळावर जातो.

जर्मन कलाकार जॉन हार्टफील्ड यांचे 1932 मधील हिटलरचे फोटोमोंटाज (छायाचित्रांचे तुकडे जोडून केलेले चित्र) पाहावे. क्ष-किरण छायाचित्रासारखी पारदर्शक छाती, आणि त्यात मणक्यांच्या जागी नाण्यांची चळत. बाकी सारे जिथल्या तिथे असल्यामुळे पाहणारा ते आधी विश्वासाने पाहतो आणि मग कण्यापाशी अडकतो. बदल एकच आहे, पण त्यात पूर्ण आरोप आहे: हा माणूस उद्योगपतींच्या पैशावर उभा आहे. म्हणून कात्री हातात घेण्यापूर्वी आपला आरोप एका वाक्यात लिहून काढावा. उसाला साधारण 1500 ते 2500 मिलिमीटर पाणी लागते आणि मराठवाड्यात सरासरी पाऊस 700 ते 800 मिलिमीटरच्या आसपास पडतो. तेव्हा "पिण्याचे पाणी उसातून निघून जाते" हे वाक्य असू शकेल. मी असतो तर रसवंतीच्या चरकाचे छायाचित्र घेतले असते आणि त्याच्या रुळांमध्ये उसाऐवजी नकाशातून कापलेले मांजरा नदीचे पात्र घातले असते.

तिरपी कात्री

एका बदलाचे सूत्र मान्य आहे, मात्र तोच एक मार्ग नाही. जर्मन कलाकार हाना होख यांचे 1919 मधील स्वयंपाकघरातल्या सुरीचा उल्लेख असलेल्या शीर्षकाचे कोलाज राजकारणी, यंत्रे, नर्तकी आणि अक्षरे यांनी खच्चून भरलेले आहे, आणि ती गर्दी हाच त्याचा अर्थ आहे. अमेरिकी कलाकार मार्था रॉस्लर यांनी 1967 ते 1972 या काळात व्हिएतनाम युद्धाची छायाचित्रे गृहसजावटीच्या मासिकांतल्या नीटनेटक्या दिवाणखान्यांत बसवली; नियतकालिके ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर ठेवतात, त्या त्यांनी एकाच खोलीत आणल्या.

रसवंतीबद्दल मात्र माझी स्पष्ट हरकत आहे. रसवंती चालवणारा हा पोटापुरते कमावणारा माणूस असतो आणि पाहणाऱ्याला आरोपी म्हणून तोच दिसेल. रूपक देखणे असले आणि आरोपीच चुकला, तर चित्र अन्याय करते. त्याऐवजी गळीत हंगामाच्या शुभारंभाचे ते ठरलेले छायाचित्र घ्यावे, जे दरवर्षी छापून येते: पाहुणे आणि संचालक मंडळी ओळीने उभी आहेत आणि गव्हाणीत (कारखान्यात गाळपासाठी ऊस टाकतात त्या जागी) उसाची मोळी टाकत आहेत. त्यांच्या हातातली मोळी काढून तिथे भरलेला हंडा ठेवावा. चेहरे कापून केवळ हात आणि गव्हाण एवढेच ठेवले, तर आरोप एखाद्या व्यक्तीवर न राहता व्यवस्थेवर जाईल, आणि आमच्या भागात हे छायाचित्र समजावून सांगण्याची गरज कोणालाच पडणार नाही.

खळ आणि कागद

तांत्रिक बाजूबद्दल लिहितो. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन (लाकडातला एक घटक) असल्यामुळे तो उजेडात पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, म्हणून मूळ कात्रणे जपून ठेवावीत आणि चित्रासाठी आम्लविरहित कागदावर त्यांच्या प्रती काढाव्यात. प्रतींमुळे आकार कमी-जास्त करता येतो, हा मोठा लाभ आहे. हंडा मोळीच्या जागी चपखल बसायचा असेल, तर त्याच्यावरचा उजेड हातांवर पडणाऱ्या उजेडाच्याच दिशेने आला पाहिजे. जुळणारे चित्र कात्रणांत सापडले नाही तर सरळ हंडा उन्हात ठेवून छायाचित्र काढावे. मोठे केल्यावर छपाईचे ठिपके दिसू लागतात, ते पुसू नयेत. पाणी घातलेल्या फेविकॉलने पातळ कागद हमखास सुरकुततो, त्यामुळे मी गव्हाच्या पिठाची पातळ खळ पसंत करतो आणि चित्र सुकेपर्यंत बटर पेपरखाली वजन ठेवतो.

हक्कांबाबत सांगायचे तर भारतात छायाचित्राचा स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. टीका व समीक्षेसाठी कायद्यात सवलत असली, तरी प्रदर्शन किंवा विक्री करायची असेल तर परवानगी घ्यावी किंवा छायाचित्र स्वतः काढावे.

कात्रणवही

गव्हाणीची कल्पना पाहताक्षणी पटली. ते छायाचित्र यंदाच्या हंगामात स्वतःच काढण्याचा प्रयत्न करीन. एक शंका उरते. चित्राखाली ओळ द्यावी का? दिली तर घोषणा होण्याची भीती वाटते.

शिळाछाप

रसवंतीवरचा आक्षेप रास्त आहे. गव्हाण अधिक नेमकी आहे. ओळ द्यावी, परंतु ती आपली नसावी. 1935 मध्ये नाझी मंत्री गोअरिंगने भाषणात म्हटले होते की लोखंडाने राष्ट्र बलवान होते, लोण्या-चरबीने फार तर माणसे लठ्ठ होतात. हार्टफील्ड यांनी जेवणाच्या टेबलावर लोखंड चावणारे कुटुंब दाखवले आणि खाली तेच उद्गार छापले. आपल्याकडे ओळ तयारच आहे. बातमीच्या छायाचित्राखाली जे छापतात, "गळीत हंगामाचा शुभारंभ", तेवढेच शब्द त्याच वर्तमानपत्री टायपात चित्राखाली ठेवावेत आणि त्यात एका अक्षराचीही भर घालू नये.