मदत हवी आहे : जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकलं, वायफाय दिसतच नाही

अभ्यासिका_दारव्हा
राम राम मंडळी. गावच्या अभ्यासिकेसाठी एक जुना लॅपटॉप मिळाला, त्यावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाकलं. स्क्रीन, आवाज, कीबोर्ड सगळं ठीक, पण वायफायचं चिन्हच नाही. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून पाहिलं, तरी काही नाही. पोरांना महाडीबीटीचे फॉर्म भरायचे आहेत, तारीख जवळ आली. तालुक्याला जायचं म्हणजे पूर्ण दिवस मोडते. लवकर सांगा, काय करू?

वणीकर
कोणता लॅपटॉप? कोणतं मिंट? रॅम किती?

अभ्यासिका_दारव्हा
डेल आहे, काळा. रॅम २ जीबी. मिंट नवीनच आहे, मित्रानं पेनड्राइव्ह करून देला.

मेळघाट७
२ जीबीत मिंट कशाला भाऊ? विंडोज ७ टाका. आमच्या दुकानात अजून त्यावरच काम चालू आहे, एक दिवस त्रास नाही.

वणीकर
विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले. क्रोमही त्यावर १०९ च्या पुढे जात नाही. पोरं त्यावर आधार नंबर आन् बँकेचं खातं टाइप करणार, अशी मशीन त्यांच्या हातात कशी द्यायची?

मेळघाट७
दुकानात बिल बनवायला काय सुरक्षा लागते? मी माझा अनुभव सांगितला.

पुसदचा_शेतकरी
माझं ऐका, ३२ बिटची सिस्टिम टाका. जुन्या मशीनला ६४ बिट झेपत नाही. अँटिएक्स नावाचं लिनक्स घ्या, १ जीबीत पळते.

मायाताई_मेहकर
दादा, मुख्य मिंटची ३२ बिट आवृत्ती १९.३ नंतर निघालीच नाही. यांच्याकडे नवं मिंट टाकल्या गेलं, चालू पण झालं, म्हणजे प्रोसेसर ६४ बिटच आहे. अँटिएक्स हलकं आहे हे खरं, पण वायफायचं कार्ड तेच राहणार, मग वायफायचं दुखणं तिथंही तेच.
अभ्यासिकावाले भाऊ, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून एलएसपीसीआय लिहा, जागा सोडून डॅश एनएन. ज्या ओळीत नेटवर्क कंट्रोलर आहे, तिच्या शेवटी चौकोनी कंसातले आकडे इथं टाका. त्याशिवाय कोणी काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

अभ्यासिका_दारव्हा
ब्रॉडकॉम बीसीएम४३१२ लिहून आहे. आकडे १४ई४:४३१५.

मायाताई_मेहकर
हेच पाहिजे होतं. या कार्डाला चालायला फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम, लागते, आणि ते वाटायची मोकळी परवानगी कंपनीनं दिली नाही. म्हणून ते पेनड्राइव्हवर येत नाही, फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर हे पॅकेज ते नेटवरून उतरवते. म्हणजे वायफायसाठी आधी नेट पाहिजे. हॉटस्पॉट इथं कामाचं नाही, कारण तेही वायफायच आहे. फोन केबलनं जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेथरिंग चालू करा. मिंटला ते वायरचं नेट दिसते.

वणीकर
बी४३ कशाला? ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉम कंपनीचाच एसटीए नावाचा ड्रायव्हर टिक करा, झालं. तो मिंटच्या पेनड्राइव्हवरच असते, नेटही लागत नाही.

मायाताई_मेहकर
आज चालेल. पण तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी (सिस्टिमचा गाभा) पुन्हा बांधावा, म्हणजे नव्यानं तयार करावा लागते. अपडेटनंतर बांधणं फसलं की वायफाय पुन्हा गायब, आणि गावात तेव्हा दुरुस्त कोण करणार? आमच्या शाळेतल्या मशीनवर हेच झालं होतं. बी४३ ड्रायव्हर कर्नलच्या आतच आहे, बाहेरून येते ते फक्त त्याचं फर्मवेअर.

वणीकर
माझ्याकडे एसटीएवर स्पीड चांगला येते. दोन्ही एकदम मात्र टाकू नका, भांडतात.

अभ्यासिका_दारव्हा
केबल लावली, फोन चार्ज होऊन राहिला, पण टेथरिंगचा पर्याय पुसट दिसते, दाबल्या जात नाही.

पुसदचा_शेतकरी
केबल बदला. बाजारात ज्या स्वस्त केबल भेटतात, त्यातल्या बऱ्याच नुसत्या चार्जिंगच्या असतात, डेटाची तार त्यात नसतेच. फोनच्या डब्यातली केबल आणा कोणाकडून.

अभ्यासिका_दारव्हा
व्हय, एका पोराच्या फोनची केबल लावली आन् नेट आलं. आता अपडेट करायला गेलो तर रिलीज फाइल अजून वैध नाही म्हणते. हे काय नवीन?

मायाताई_मेहकर
कोपऱ्यातली तारीख पाहा बरं.

अभ्यासिका_दारव्हा
कित्येक महिने मागची दाखवते.

मायाताई_मेहकर
मग बरोबर आहे. त्याच्या हिशेबानं सर्व्हरवरची फाइल भविष्यातली आहे, म्हणून घेत नाही. तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये नेटवर्क टाइम चालू करा, नाहीतर हातानं बरोबर करा, मग पुन्हा अपडेट. मशीनच्या आतला, घड्याळ चालवणारा सेल संपला असेल. बहुतेक ठिकाणी सीआर२०३२ चालते, पण काही लॅपटॉपात तारेचा कनेक्टर लावलेला सेल असते, म्हणून आधी उघडून पाहा, मगच विकत घ्या.

मेळघाट७
लॅपटॉपची बॅटरी किती टिकते? आमच्याकडे दुपारी लाइट गेली म्हणजे संध्याकाळपर्यंत भरवसा नाही. अपडेट चालू असताना मशीन बंद पडली तर पॅकेजं अर्धवट राहतात. तसं झालं तर टर्मिनलमध्ये सुडो डीपीकेजी, मग दोन डॅश लावून कॉन्फिगर, मग डॅश ए, असं लिहा. इन्व्हर्टरवर लावूनच करा.

अभ्यासिका_दारव्हा
बॅटरी मेलेलीच आहे. ग्रामपंचायतीच्या इन्व्हर्टरवर नेऊन लावतो.

वणीकर
आन् फॉर्ममध्ये मराठी टाइप करायची असेल तर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची पॅकेजं टाका, इनस्क्रिप्ट आन् फोनेटिक दोन्ही भेटतात.

अभ्यासिका_दारव्हा
तारीख दुरुस्त केली, बी४३ टाकलं, रीस्टार्ट केलं. वायफाय आलं! पहिला फॉर्म भरून राहिलो. मायाताई, पुसदवाले भाऊ, खूप आभार. सेल उद्या पाहतो.

पुसदचा_शेतकरी
ब्राउझरमध्ये दोन-तीनच टॅब उघडू द्या. या लॅपटॉपात बसणारी जुनी रॅम कोणाकडे पडली असेल तर २ ची ४ जीबी करून घ्या, पोरांना सोपं जाईल.